रामेश्वरची तालीम

आमच्या मामाजींना बेट म्हणजे काय हे वैनगंगेने शिकवलं होतं. त्यामुळे रामेश्वरच्या सहलीचा सगळा बेत त्यांनी वैनगंगेच्या हिशेबाने आखला, आणि त्या बेताने आम्हा घरच्या माणसांना अख्खा हिवाळा नाचवलं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मी गोंदियाकडची. लग्न होऊन बालाघाटला आले तेव्हा हद्दीवरचं राजेगाव ओलांडलं की राज्य बदलतं याचं मला फार नवल वाटायचं, कारण दुसरं काहीच बदलत नव्हतं. तेच धान, तीच बोली, तीच सासुरवाशिणीची खाली मान. घरात आम्ही चौघं: मामाजी, आत्याबाई, माझे यजमान आणि मी. नदीच्या अंगाला धानाची शेती होती. यजमान जंगल खात्याच्या कचेरीत बाबू होते, पण बापापुढे तोंड उघडायची त्यांची छाती नव्हती. माझी होती, मला परवानगी नव्हती. सुनेने सासऱ्याशी थेट बोलायचं नाही असा रिवाज. म्हणून मामाजींना जे काही ऐकवायचं असे ते मी चुलीवरच्या गंजाला, भाताच्या पातेल्याला, ऐकवत असे. त्या गंजाने माझं पुष्कळ ऐकून घेतलं.

चीनची लढाई झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. त्या साली धान चांगलं झालं होतं. मळणी आटोपली, कोठी भरली, आणि एका संध्याकाळी मामाजी ओट्यावर पाय पसरून आत्याबाईंना म्हणाले, "बोल, काय पाह्यजे तुले?"

त्यांना वाटलं असेल, लुगडं मागेल, फार तर पाटल्या. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले समुद्र पाहाचा हाय."

"समुद्र? काहून?"

"काहून म्हंजे? पाहाचा हाय म्हून."

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते मला ठाऊक होतं. आमच्या शेजारी छोट्या लाईनवरचे, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचे, एक गार्डबाबू राहत. हिंदी बोलणारे, गप्पिष्ट. ते बायकोला घेऊन रामेश्वर करून आले होते, आणि आल्यापासून ज्याला त्याला तेच सांगत. "अम्मा, पुल पर गाडी एकदम धीरे चलती है. नीचे समंदर, इधर समंदर, उधर समंदर. खिडकी से हाथ निकालो तो नमक लग जाए." आत्याबाई कुंपणापाशी उभ्या राहून हे ऐकायच्या. नारळाची झाडं, मैलोगणती वाळू, होड्या, शंख, आणि बेटाच्या पार टोकाला दोन बाजूंचे दोन समुद्र एकमेकांना भेटतात ती जागा. गार्डबाबू थांबले की त्या म्हणायच्या, "और?" हिंदीतला तेवढाच एक शब्द त्यांना मनापासून आवडत असावा.

मामाजींनी एक रात्र विचार केला आणि सकाळी जाहीर केलं, "रामेश्वरले जाऊ. समुद्रही होते अन् देवही होते." एका दगडात दोन पक्षी मारल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं. आत्याबाई आत येऊन माझ्या कानाशी म्हणाल्या, "देव त घरीही हाय वं. मले पाणी पाहाचं हाय." मी म्हटलं, पाणीच तर आहे चारी बाजूंनी, देव कुठे आड येतो?

मग सुरू झाला बेत. आमच्या शेतापासून जरा खाली वैनगंगेच्या पात्रात एक बेट आहे. वाळू, काळे खडक, थोडी जांभळाची झाडं. हिवाळ्यात ढिवर, म्हणजे नदीतले कोळी, तिथे डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वेली लावत, उन्हाळ्यात ती डांगरं बाजारात येत, आणि पावसाळ्यात बेट पाण्याखाली जाई. मामाजींनी आयुष्यात पाहिलेलं बेट ते एकच. त्यामुळे रामेश्वरही त्यांच्या मते तसंच असणार, फक्त थोडं मोठं, आणि वर देऊळ.

या बेटाला न्याहारी करून निघालं तर जेवणवेळेपर्यंत फेरी होते. तेव्हा रामेश्वरला एक दिवस रग्गड झाला, असा त्यांचा हिशेब. सकाळी उतरायचं, पूल पाहायचा, देऊळ करायचं, वाळूवरून टोक गाठायचं, दोन समुद्रांना नमस्कार करायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत. हा क्रम त्यांनी आमच्याकडून पाढ्यासारखा म्हणवून घेतला. दुसरं म्हणजे पूर. "रातचा मुक्काम बेटावर नाई," ते बजावून सांगत. "पाणी कवा चढंल भरवसा नाई." गार्डबाबूंनी समजावलं की समुद्राला आपल्यासारखा पूर येत नाही, तिथे पक्की घरं आहेत, स्टेशन आहे, हजारो माणसं पिढ्यान्‌पिढ्या नांदतात. मामाजींनी ऐकून घेतलं आणि सामानात एक जाड दोरखंड वाढवला.

या दोरखंडाला आम्ही फार हसलो. पुढच्याच वर्षी तिकडे मोठं वादळ आलं आणि बेटाचं ते टोक खरोखरच पाण्याखाली गेलं. यजमानांनी पेपर वाचून दाखवला तेव्हा मला वाटलं, आता मामाजी आम्हाला महिनाभर सोडत नाहीत. पण त्यांनी पेपर हातात घेतला, घडी केली आणि म्हणाले, "माणसं गेली रे बापा." एवढंच. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

असो. तेव्हा ते कुणाला माहीत होतं? तेव्हा वाद चालला होता तांदळाचा. मामाजींचं म्हणणं, बेटावर धान कुठून पिकणार, तांदूळ घरून न्यावा. गार्डबाबू कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे दादा, वहाँ के लोग चावल ही चावल खाते हैं." मामाजी म्हणाले, "खात असतील. चिन्नोर खाते का?" आमच्याकडच्या माणसाला चिन्नोरचा भात शिजताना वास आला नाही तर आपण जेवलो असं वाटत नाही. म्हणून चिन्नोरचं गाठोडं ठरलं. पिण्याचं पाणी मात्र त्यांनी नको म्हटलं. "चहूकडून पाणीच हाय, अन् घागर कशाले वाहाची?" यावर मी चुलीवरच्या गंजाला सांगितलं की समुद्राचं पाणी खारट असतं. ओट्यावरून आवाज आला, "गंजाले सांग, माहीत हाय मले." नव्हतं माहीत. दुसऱ्या दिवशी सामानात घागर आली.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. मग एका रात्री जेवताना मामाजींनी ती अट घातली.

मामाजी तरुणपणी दंडारीत उभे राहत. दंडार म्हणजे आमच्याकडचं गावनाटक, दिवाळीनंतर रात्र रात्र चालणारं. तालमीशिवाय मैदानात उतरू नये हा धडा त्यांनी तिथून घेतलेला. ते म्हणाले, "माघात एक दिवस वैनगंगेच्या बेटावर जाऊ. सगळं सामान घेऊन. तिथं पुरी फेरी मारू, सैपाक करू, जेवू. जो आपल्या पायानं पुरी फेरी मारंल, तो रामेश्वरले येईल. ज्याले नाई जमलं, तो घरी राहील. परदेशात कोणाले खांद्यावर घेऊन फिरता येत नाई."

यजमान ताटात पाहू लागले. मी पदर दाताखाली धरला. कारण ही अट आम्हा कुणासाठी नव्हती. ती आत्याबाईंसाठी होती.

तीन वर्षांपूर्वी लालबर्ऱ्याकडून एका लग्नाहून परतताना त्यांची बैलगाडी नाल्यात कलंडली होती आणि त्यांचा उजवा गुडघा गाडीखाली आला होता. मामाजींनी त्यांना पाठीवर घेऊन सडकेपर्यंत आणलं. गुडघा पुढे सांधला, पण पुरता वाकेना. तेव्हापासून मामाजी त्यांना कुठे जाऊ देत नसत. शेतावर नको, बाजारात नको, कुणाकडे हळदीकुंकवाला जायचं तर आधी विचारणार, "पायऱ्या किती हायत?" दिसायला तो हेकटपणा दिसे. आत भीती होती. नाल्यात त्यांनी ऐकलेली बायकोची किंकाळी त्यांच्या कानातून गेली नव्हती, असं यजमान मला एकदा म्हणाले होते. आणि आता ज्या बाईने समुद्र मागितला, तिलाच घरी ठेवून आम्ही तिघांनी जायचं, असा प्रसंग उभा राहिला.

त्या रात्री भांडी विसळताना मीच म्हटलं, "आत्याबाई, हे काही बरोबर नाही." त्या म्हणाल्या, "बरोबर हाय का चूक हाय, त्याच्याशी आपल्याले काय करायचं? पाय चालला पाह्यजे." आणि जरा थांबून, "तळ्याच्या पाळीवरचा पिंपळ केवढा हाय वं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मामाजींना सांगितलं की त्यांनी पिंपळाला प्रदक्षिणा घालायचा नेम धरला आहे. मामाजी खूश झाले. देवाच्या कामाला ते कधी नाही म्हणत नसत, आणि पिंपळ घरापासून हाकेच्या अंतरावर होता. दिव्यासाठी त्यांनी स्वतः तेल काढून दिलं. आम्ही दोघी तांब्या घेऊन निघालो, आणि रामेश्वरची खरी तालीम त्या पारावर सुरू झाली.

पहिल्या दिवशी माझ्या खांद्यावर भार टाकून त्यांनी कशाबशा मोजक्या फेऱ्या घातल्या आणि पारावर बसल्या. गुडघा सुजला. दुपारी एरंडाचं पान गरम करून बांधलं, मोहाच्या बियांचं तेल चोळलं. मला वाटलं, झालं, संपलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या माझ्या आधी दाराशी उभ्या. असे दिवस जात राहिले. फेऱ्या वाढत गेल्या. आधी माझा खांदा सुटला, मग काठी नुसती हातात राहिली, मग काठी पाराला टेकवून ठेवू लागल्या. चालताना त्या गुडघ्याशी बोलत. "चाल माय, चाल. लय लाड झाले तुये." मागून मी हसू दाबत फिरत असे. देवाधर्माचं नाव घेऊन केलेली इतकी चोख लबाडी मी आजवर पाहिलेली नाही, आणि ती लबाडी मला फार आवडली.

त्रास झाला तो दुसराच. तळ्यावर येणाऱ्या बायका पाहू लागल्या. सासू रोज पिंपळाला फेऱ्या घालते, मागे सून. सुनेच्या लग्नाला दोन वर्षं झाली, मांडी अजून रिकामी. दोन अधिक दोन चार. मला आशीर्वाद मिळू लागले. "होईल वं बाई, पिंपळबाबा देईल." एकीने माझी ओटी भरली. एकीने कटंगीच्या कुठल्याशा वैदूचा पत्ता सांगितला. एकीने तर माझं पोट चाचपून पाहिलं. मी घरी येऊन आदळआपट केली. म्हटलं, "तुमच्या गुडघ्यापायी मला सगळ्या गावाने वांझ ठरवलं!"

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणू दे. समुद्र पाहाले फेऱ्या मारून राह्यली म्हणलं त हसतील. नातवासाठी म्हणलं त पाया पडतील."

आणि खरंच पाया पडायच्या. पुढे यथावकाश मला मुलगी झाली तेव्हा तळ्यावरच्या बायकांनी सगळं श्रेय पिंपळाला दिलं. यजमानांचं नाव कुणी घेतलं नाही, याचं त्यांना जरा वाईट वाटलं होतं.

माघातला एक रविवार ठरला. धुकं पुरतं विरलं नव्हतं तेव्हा आमची गाडी नदीवर पोचली. गाडीत दोरखंड, घागर, कंदील, चिन्नोरचं गाठोडं, वांगी, वड्यांसाठी लाखोळीच्या डाळीचं भिजवण, कढई, गंज. रामेश्वरला जे जे न्यायचं ते सगळं. डोंगेवाला म्हातारा ढिवर होता, मामाजींच्या ओळखीचा. आमचं बिऱ्हाड पाहून त्याने यजमानांना विचारलं, "कोनती पूजा हाय का, बाबू?"

"नाही, रामेश्वरला चाललो," यजमान ओशाळून म्हणाले.

म्हाताऱ्याने नदीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "मंग रस्ता चुकला तुमचा," तो म्हणाला आणि डोंगा पाण्यात लोटला.

मी मामाजींसमोर मोठ्याने हसले ती त्या दिवशी पहिल्यांदा. पदराचं भानही राहिलं नाही. आश्चर्य म्हणजे मामाजीही हसले.

बेटावर उतरताच मात्र त्यांनी सूत्रं हाती घेतली. डोंगा लागला ते स्टेशन. तो लांबट खडक म्हणजे पूल. जांभळाखाली देऊळ. पलीकडची वाळू म्हणजे किनारा, आणि बेटाचं खालचं टोक, जिथे नदीच्या दोन धारा पुन्हा एक होतात, ते दोन समुद्रांचं टोक. त्यांचा आवाज दंडारीतला राजा बोलावा तसा चढला होता. तीन दगडांची चूल मांडून मी भात चढवला आणि डोंगेवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं. मामाजींनी दोरखंड यजमानांच्या खांद्यावर टाकला आणि निघाले.

मामाजींची चाल अशी की मागच्याने धावावं. आयुष्यभर ते पुढे आणि बाकीचं जग मागे. यजमान दोरखंड सांभाळत त्यांच्यामागे, आणि सगळ्यांत शेवटी आम्ही दोघी. खडकाचा भाग वाईट होता. तिथे आत्याबाईंनी माझा हात धरला, पण पाऊल आपलं आपण टाकलं. जांभळाखाली मामाजी थांबले, वळून पाहिलं, आम्ही येताना दिसलो तसे पुन्हा चालू लागले. वाळू लागली. वाळूत पाय रुततो, गुडघ्याला ओढ बसते. आत्याबाईंचं कपाळ घामाने भिजलं. मी काही बोलले की त्या मान हलवत. वाळूही सरली. आता टोक तेवढं वळायचं, की पलीकडच्या अंगाने सपाट वाट थेट चुलीपर्यंत. जिंकलो, असं मी मनात म्हटलं.

आणि टोकावर पोचल्यावर आत्याबाई उभ्या राहिल्या.

नुसत्या उभ्या. मी म्हटलं, "चला ना, झालंच आता." त्या हलल्या नाहीत. पुढे गेलेल्या मामाजींनी वळून पाहिलं. त्यांना वाटलं, पाय गेला. ते परत आले, जवळजवळ पळतच. जवळ येऊन आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "राहू दे. नाई जमत त राहू दे. मी म्हणलोच होतो. थकली ना?"

"थकली नाई," आत्याबाई म्हणाल्या. "पाहून राह्यली."

"काय पाहून राह्यली?"

"नदी."

"नदी त रोजचीच हाय!"

"तुमची असंल रोजची. मी रोज पाणी भरलं, कपडे धुतले, धान रोवण्याच्या दिसात चिखलाचे पाय धुतले. पाह्यली कवा?" त्यांनी काठाकडे हात केला. "तो पाहा आपला घाट. तीस वर्सं झाली, मी तिकडून इकडं पाह्यलं. इकडून तिकडं कसं दिसते, आज समजलं."

मामाजी घाटाकडे पाहू लागले. मग सवयीप्रमाणे म्हणाले, "बरं, पाह्यलं ना? चल आता. फेरी पुरी होऊ दे."

आत्याबाई त्यांच्याकडे वळल्या. सूर चढवला नाही, पण एकेक शब्द स्पष्ट होता. "अवो, ऐका. पाय माया चालते, तुमी पाह्यलं. पन तिथं नेऊन मले असंच हाकाल, हे झालं चल, ते झालं चल, त मी नाई येत. तुमी तिघं जा. समुद्राले हात लावून वापस येयाचं त मी घरीच बरी. मले तिथं उभं राहाचं हाय. मायं मन भरंपर्यंत. राहू द्याल त येईन."

इतक्या दिवसांच्या फेऱ्या, ते तेल, ती एरंडाची पानं, मी सोसलेले ते आशीर्वाद, आणि चार पावलं उरली असताना ही बाई स्वतःहून नाही म्हणते! मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. यजमान पलीकडे दोरखंड घेऊन उभे होते, त्यांनी तो हळूच खाली ठेवला. मामाजींना असं कुणी बोललेलं आम्ही दोघांनीही ऐकलं नव्हतं.

मामाजींनी खाली पाण्याकडे पाहिलं. दोन्ही धारा त्यांच्या पायांपाशी येऊन एक होत होत्या. मग त्यांनी डोक्याचा फेटा काढला, वाळूवर पसरला आणि म्हणाले, "बस. उभ्यानं पाय दुखंल." आत्याबाई बसल्या. मामाजी जरा अंतर ठेवून शेजारी बसले. "पाह्य आता," ते म्हणाले. "मी आहो इथंच."

आत्याबाईंनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "पोरी, तू जा पुढं. भात पाह्य."

आम्ही दोघं चुलीपाशी आलो. डोंगेवाला गाढ झोपला होता आणि भात खालून लागला होता. मी वरचा भात काढून घेतला, वांग्याची भाजी केली, वडे तळले. तळून झाले. गार झाले. मला सपाटून भूक लागली होती, पण मोठी माणसं येईपर्यंत जेवायची सोय नव्हती. तिथून टोकावरची ती दोन माणसं दिसत होती. एकदा आत्याबाईंनी पलीकडे बोट दाखवलं. एकदा मामाजींनी काहीतरी लांबलचक सांगितलं आणि त्या हसल्या. मी यजमानांना म्हटलं, "यांना उपासाचं पुण्य हवं असेल, मला नको आहे." यजमान म्हणाले, "थांब गं. आईला असं बसलेलं मी कधी पाहिलं नाही." मग मी गार वड्यांवर पान झाकलं. खरं सांगते, त्या वेळी मला कशाचीच कमतरता वाटत नव्हती, भुकेशिवाय.

ऊन डोक्यावरून ढळलं तेव्हा ती दोघं उठली. सपाट वाटेने आली. पुढे आत्याबाई, आपल्या गतीने, मधेच थांबून एखादा खडा उचलून पाहत, आणि मागे मामाजी. त्या थांबल्या की ते थांबत. त्या चालल्या की ते चालत. उघड्या डोक्याने, फेटा काखेत.

फेरी पूर्ण झाली होती. मामाजी पानावर बसले, पहिला घास घेतला, आणि यजमानांना म्हणाले, "कचेरीत रजा वाढवून माग. एका दिवसात तिथं काही पाहून होत नाई."

"किती वाढवू, बाबा?"

मामाजींनी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या जेवत होत्या.

"तुझ्या मायले इचार," ते म्हणाले.